कुलकर्णीबाईंचा बेशुद्ध पेशंट

मंडळी, आज आमच्या पिंपरीच्या इस्पितळात नव्या शिक्षिका कुलकर्णीबाईंनी मला, इथल्या जुन्या मास्तराला, सरावासाठी स्ट्रेचरवर झोपवलं. मी म्हणे मशीनमध्ये पाय सापडलेला कामगार! शिकाऊ डॉक्टरांनी उचलायचं, हुकूम नर्सिंगच्या मुलींनी सोडायचे.

पहिल्या खेपेला मी दारातच अडकलो. बाईंचा प्रयोग फसला म्हणून मनातून खूश झालो.

"अहो डॉक्टर, मागं व्हा की!"

"तुम्हीच म्हणालात पुढं!"

चूक सांगायला मी तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही बेशुद्ध आहात. त्यांची चूक त्यांनाच शोधू द्या."

शोधली की हो! दुसऱ्या खेपेला धक्कासुद्धा लागला नाही. सहकार्यावर मी इतकी वर्षं व्याख्यानं झोडली, पण हे कधी घडलं नाही. नुसता जळफळाट झाला.

"सर, तुमच्या तासालाही असंच करू या ना!" मुली म्हणाल्या.

"बघू," म्हणालो.

जिचा हेवा वाटतो तिच्याकडूनच शिकायचं कसं, सांगेल का कुणी?