भिंतीच्या वाट्याचं पाणी

खंडेराव मिस्त्रींबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकते. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा माझा नियम होता. कुणाची आई आजारी असे, कुणाची एसटी चुकलेली असे. मी दंडाची पावती फाडायची आणि पुढच्याला बोलवायची. पद्मजाबाई कुणाचं ऐकून घेत नाहीत, असं मुलं म्हणायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

आमचं घर बेगमपुऱ्यात. निजामाच्या काळातल्या एका तहसीलदारानं बांधलेलं, काळ्या दगडाचं, चुन्यातलं. शहर वाढलं, समोरच्या गल्लीचा रस्ता झाला आणि रस्ता रुंद करताना आमची जुनी भिंत गेली. ओसरीवर भाजी निवडायला बसलं तर आज मेथी आहे की पालक, हे समोरच्या रिक्षावाल्यांना कळायचं. नवी भिंत बांधायची ठरली. माझे यजमान श्रीनिवास यांनी हट्ट धरला की घर चुन्याचं, तर भिंतही चुन्याचीच हवी. सिमेंटचं नाव काढलं की ते जेवणावरून उठायचे.

आडोसा हवा म्हणून भिंत, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. २०१३चा उन्हाळा तोंडावर आला होता. जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता, नळाचा काही भरवसा नव्हता, आणि आमच्या अंगणातल्या विहिरीला पाणी होतं. ते रस्त्यावरून दिसायचं. रोज कुणी ना कुणी हंडा घेऊन फाटकात उभं राहायचं. भिंत झाली की विहीर कुणाच्या नजरेस पडणार नाही, हा हिशोब माझा होता.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधत शोधत श्रीनिवास खंडेरावांपर्यंत पोचले. ते मूळचे गंगापूरकडचे, मेंढपाळाच्या घरातले. बहात्तरच्या दुष्काळात घरची मेंढरं गेली आणि हे पोरवयात आईशेजारी खडी फोडायला बसले. तिथं दगडाशी ओळख झाली. पुढे शहरात एका म्हाताऱ्या उस्तादांकडं चुना शिकले.

"मेंढी आन् दगड सारखंच, बाई," ते एकदा मला म्हणाले. "पाठीवर हात फिरवला की दुखणं कळतं."

प्रत्येक दगडावर हातोडी हळूच वाजवून ते कान देऊन ऐकायचे. न पटलेला दगड बाजूला ठेवायचे, मग तो दिसायला कितीही देखणा असो. चुना एकदा कालवला की चहाला उठायचे नाहीत. मी दोनदा चहा गार झाल्यावरून बोलले, मग बोलणं सोडलं.

पहिला थर बसला त्या दिवशीच त्यांनी मला बजावलं होतं. "चुन्याला पाणी लई लागतं. नवी भिंत म्हंजे बाळंतीण. म्हैनाभर गोणपाट ओलं ठिवायचं, दोन टायमाला पाणी मारायचं. हयगय केली तर जलमभर दुखणं काढती."

मला हे आवडलं. माझ्यासारखाच नियमाचा माणूस दिसला.

पंधरा-वीस दिवसांनी, संध्याकाळी काम आटोपून हातपाय धुतल्यावर ते ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. "बाई, दोन कॅन पाणी घरी नेऊ का?"

"नाही हो, खंडेराव," मी म्हणाले. "तुम्हाला दिलं की अख्ख्या गल्लीला द्यावं लागेल. भिंत होईपर्यंत विहिरीचं पाणी भिंतीचं."

"बरं," ते म्हणाले आणि आपल्या जुन्या लुनावर बसून गेले. त्यांनी कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

भिंतीची आतली बाजू माझ्या डोळ्यांसमोर होती. तिला पाणी मारलेलं मी रोज बघायची. बाहेरच्या बाजूला पाणी मारायला ते विहिरीवर दोन कॅन भरून फाटकातून रस्त्यावर न्यायचे. त्या उन्हात बाहेर जाऊन बघण्याचा मला कंटाळा होता. एकदा गेले तर बाहेरचं गोणपाट खडखडीत कोरडं.

"हे कोरडं कसं?"

"ऊन लई हाय, बाई."

"ऊन आतल्या बाजूलाही आहे."

ते कॅन उचलून पुन्हा विहिरीकडं वळले. मला वाटलं, कामचुकारपणा पकडला. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

मे महिन्यात काम संपलं. भिंत इतकी सुरेख झाली की श्रीनिवास येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत सुटले. पुढच्या पावसाळ्यात बाहेरच्या दरजा सुटायला लागल्या. दगडांमधला चुना बोट लावलं तरी शिळ्या बेसनलाडवासारखा भुगा होऊन पडायचा. मी चिडले. भेटेल त्याला सांगत सुटले की या माणसानं आम्हाला बनवलं.

त्याच दिवाळीत पैठणहून तात्यासाहेबांचा फोन आला. ते श्रीनिवासांचे जुने मित्र. त्यांना आपलं जुनं घर दुरुस्त करून घ्यायचं होतं, वर्षभराचं चुन्याचं काम, आणि आमच्या मिस्त्रींचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं.

"त्यांना घेऊ नका," मी म्हणाले. "वरून देखणं, आतून कच्चं."

फोन ठेवताना मला पावती फाडल्याचं समाधान वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

२०१६ला पाऊस बरा झाला. दसऱ्याच्या आधी एका सकाळी खंडेराव दारात उभे. केस पिकलेले, लुना तीच, मागे तेच दोन कॅन बांधलेले. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"बाई, भाईरची बाजू कच्ची ऱ्हायली. मला ठावं हाय. तिच्या वाट्याचं पाणी मी घरी नेलं."

मी पायरी उतरून खाली आले.

"सून बाळंत झाल्ती. आमच्याकडं टँकर आठ दिसाला यायचा. लेकराला आंघूळ घालायला पाणी नव्हतं. निम्मं भिंतीला, निम्मं घरी, असं करत गेलो. यंदा बोअरला पाणी आलं. दरजा नव्यानं भरून देतो. मजुरी नको."

"बरं. पाणी विहिरीचं घ्या," मी म्हणाले.

"नाय. आणलंय मी. हे भिंतीचंच हाय." त्यांनी कॅनवर हात ठेवला.

ते रोज घरून, शहराच्याच पार दुसऱ्या टोकाच्या सातारा भागातून, पाणी घेऊन यायचे. भुसभुशीत चुना खरवडून काढायचे, नवा भरायचे, गोणपाट भिजवायचे. मी आतून ते खरवडणं ऐकत बसायची. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. बाहेर जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिले.

"खंडेराव, पैठणचं ते मोठं काम तुमच्याकडं येणार होतं. मी तात्यासाहेबांना नको म्हणून सांगितलं."

त्यांनी थापीवरचा चुना आधी दरजेत दाबून घेतला. मग म्हणाले, "खरंच सांगितलं की तुमी. भिंत कच्चीच व्हती."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी आत जाऊन रडून मोकळी झाले असते. बाळंतिणीचं बोलला असतात तर पाणी दिलं असतं, असं मी त्यांना म्हणणार होते. ओठावर आलं होतं, पण म्हणाले नाही. ते खरं आहे का, हे मलाच माहीत नव्हतं. आजही नाही.

शेवटच्या दिवशी त्यांच्याबरोबर नात आली होती, सुकेशनी, तीन वर्षांची. त्या उन्हाळ्यातलं लेकरू ते हेच. आजोबांचं काम होईस्तोवर ती अंगणात विहिरीभोवती गोल गोल धावत होती. खंडेराव आत येऊन कॅनमधल्या उरलेल्या पाण्यात थापी धूत होते. धावून धावून तहानलेली ती ओसरीवर चढली आणि माठावरचा पेला तिनं हातात घेतला.

"सुके," खंडेराव तिकडून म्हणाले, "आधी बाईंना इचार. न इचारता कुणाचं पाणी घ्यायचं नसतं."

ती थांबली. पेला छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिली.

"पाणी घेऊ का?"

"घे," मी म्हणाले. माठावरचं झाकण मीच काढलं.