तांब्याचा छाप

१२ डिसेंबर १९४८, रविवार. आज दुकान बंद ठेवून पत्र्याचे जुने छाप निवडायला बसले. सरकार बदलल्यापासून हिंगोलीतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला नवा बोर्ड हवा आहे. वरची उर्दू ओळ काढून तिथे मोठी मराठी ओळ हवी, आणि तीही उद्याच हवी. रंगाच्या डब्यांना जागा करायची तर कोपऱ्यातली पेटी रिकामी करणं भाग होतं. ती पेटी वीसपावले मास्तरांची.

वीसपावले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बोर्ड रंगवून झाला की ते तो दुकानाच्या भिंतीला टेकवत आणि त्याच्याकडे तोंड करून उलटे चालू लागत, बरोबर वीस पावलं. दुकानापुढचा रस्ता जेमतेम बारा पावलांचा होता, त्यामुळे पुढची आठ समोरच्या भुसार दुकानाच्या ओट्यावर पडत. बाजाराच्या दिवशी गाड्या खोळंबत आणि गाडीवान ओरडत.

"ओ मास्तर, मागं बैलं हायेत! पाठीला डोळे फुटले का काय?"

"बैलाला समजतं कुठं थांबावं ते. तू गप ऱ्हाय."

वीस पावलांवरून अक्षर लागलं नाही तर बोर्ड पुन्हा आत यायचा. मग गिऱ्हाईक ओरडो, नाहीतर मी.

दुकान माझ्या यजमानांनी काढलं होतं. ते वारले तेव्हा मी तिशीत होते, आणि घरी बसून दिवस ढकलणं मला जमण्यासारखं नव्हतं. मास्तर शिरड शहापूरचे, एकटे, यजमानांच्या वेळेपासून दुकानात. हात त्यांचा आणि बोलणी माझी, अशी आमची वाटणी झाली. दुकानांचे बोर्ड, लग्नपत्रिकांवरची वेलबुट्टी आणि हळदीच्या पोत्यांवर मारायचे छाप, एवढी कामं आमच्याकडे यायची. उर्दू त्यांना वाचता येत नसे. मुनशीकडून कागदावर लिहून आणत आणि ते अक्षर असं उतरवत की खुद्द मुनशी येऊन बघत उभा राही.

व्यापाऱ्यांना बोर्डावर सगळंच हवं असे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, देवाचं नाव, विकायच्या मालाची यादी, चारी कोपऱ्यांत गुलाब. मास्तर मान हलवत ऐकून घेत आणि म्हणत, "शेठ, हा बोर्ड हाय. आहेराची यादी न्हाई." मग दोन शब्द ठेवून बाकीची जागा कोरी सोडत. त्या कोऱ्या जागेवरून मी कितीदा भांडले असेन. गिऱ्हाइकाला वाटे, अर्धा बोर्ड फुकट गेला. मलाही तसंच वाटे. पण बाजारातून चालताना आमचे बोर्ड आधी दिसत, हे मला कळत होतं. मी ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

छापाच्या बाबतीत ते बोर्डापेक्षाही हट्टी होते. छाप म्हणजे कोरलेला पत्रा. तो पोत्यावर धरायचा, वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. "वाचता येनाऱ्यासाठी कोनबी लिहील," ते म्हणत. "हमालाला वाचता येत न्हाई, अन् पोतं तर हमालच उचलतो." म्हणून प्रत्येक अडत्याचं एक चित्र. नवं चित्र काढलं की ते कागद चारही बाजूंनी फिरवून बघत. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "पोतं कसंबी पडतं, वयनी. ते काय आपल्याकडं तोंड करून बसत न्हाई."

हे वाक्य मी ऐकलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं असं मला म्हणता येत नाही.

गावात एका मोठ्या शेठची घंटा छाप हळद होती. छाप जुना होता. तागावर रंग पसरून घंटेची कडी आणि लोळा केव्हाच बुजले होते, पण सगळे हमाल तो ओळखत. ऐन हंगामात एका नव्या अडत्याने तांब्याचा छाप मागितला. मास्तरांनी पेन्सिलीने तांब्या काढला, कागद फिरवला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांना भाचीच्या लग्नाला गावी जायचं होतं. जाताना म्हणाले, "तांब्याचं काम मी आल्यावर करतो. तवर थांबा."

"आठ दिवस? माल पडून राहील त्यांचा."

"काहून घाई करून राहिल्या? नवं चित्र हाय. जरा मुरू द्या."

तिसऱ्या दिवशी अडत्या दारात येऊन उभा राहिला. दुसरीकडे जातो म्हणाला. मास्तरांचा पेन्सिलीचा कागद टेबलावरच होता. छिन्नी कशी धरायची हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. दुपारभर बसून मी छाप कापला. कापणी स्वच्छ झाली. मला अभिमानही वाटला. कागद फिरवून मात्र मी पाहिला नाही.

उलटा तांब्या घंटेसारखा दिसतो. स्टेशनच्या मालधक्क्यावर दोघांची पोती शेजारी रचलेली होती, आणि पोती कशीही पडलेली होती. शेठची निवडक हळद तांब्यावाल्याच्या गिऱ्हाइकाकडे गेली, तांब्यावाल्याची हलकी हळद शेठच्या नावाने गेली. मास्तर परतले त्याच सकाळी शेठनी आम्हा दोघांना अडतीवर बोलावलं. ओट्यावर उभं करून, सगळ्या हमालांसमोर ते मास्तरांना वाटेल तसं बोलले. डोळे गेले का म्हणाले. शेंदी ढोसून पत्रा कापतोस का म्हणाले.

मास्तरांनी छाप हातात घेतला. कड बोटाने चाचपली. आपली कापणी कोणती आणि परकी कोणती, हे त्यांना बोटालाच कळायचं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेठना म्हणाले, "व्हय. चूक माही हाय."

मी गप्प राहिले. विधवा बाई छाप कापते असं कळलं तर कुणी दुकानाची पायरी चढणार नाही, असं मी मनाला सांगितलं. त्यात थोडं तथ्य होतं. बाकीची निव्वळ भीती होती.

शेठनी अट घातली, मास्तर दुकानात असेल तर अडतीचं सगळं काम दुसरीकडे जाईल. मी मास्तरांना जा म्हटलं नाही. राहा असंही म्हटलं नाही. महिन्याभराने त्यांनी आपले कुंचले तेलात धुतले, फडक्यात गुंडाळले. "दुकान चाललं पायजे, वयनी," एवढं बोलून ते गेले. पेटी ठेवून गेले. गावाकडे ते पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत, असं कानावर यायचं. गेल्या चैत्रात शिरड शहापूरचा एक माणूस बाजारात भेटला, तेव्हा कळलं की ते वारले. मी त्यांना भेटायला एकदाही गेले नव्हते. हिंगोलीहून शिरड शहापूर काही लांब नाही.

आज पेटीच्या तळाशी, सगळ्या पत्र्यांखाली, घडी घातलेला एक कागद सापडला. त्यावर तांब्या होता, त्याच्या तोंडाशी पाच पानं. खाली तोच तांब्या आडवा, मग उलटा, शेजारी घंटा काढून तिच्यावर फुली. कोपऱ्यात ते गावी निघाले त्या दिवसाची तारीख. म्हणजे गावी जाण्यापूर्वीच त्यांनी हे सोडवून ठेवलं होतं. त्या दिवशी हा एक कागद शेठपुढे टाकला असता तर ते मोकळे झाले असते. त्यांनी तो माझ्यापासूनसुद्धा लपवला.

१३ डिसेंबर, सोमवार. सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आत मी शेठच्या अडतीवर गेले.

"या वहिनी. झाला का आमचा बोर्ड?"

"बोर्डाचं मागून. आधी हे बघा."

"आत या की, गादीवर बसा."

"आत नको. इथे ओट्यावरच."

मी कागद उलगडला. हमालांचा म्हातारा मुकादम पोत्याला टेकून बसला होता, तो उठून जवळ आला.

"हा पानाचा तांब्या हाय," तो म्हणाला.

"उलटा धरून बघा."

त्याने कागद फिरवला, हात लांब करून पाहिला. "तरीबी तांब्याच हाय. ह्यो तर मास्तरचा हात." कागद परत देत त्याने विचारलं, "मग बाई, तवा पोत्यावर ह्यो काहून नव्हता?"

"कारण तो छाप मास्तरांनी कापलाच नव्हता," मी शेवटच्या हमालाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "मी कापला होता."