खिडकीखालचं बाकडं

घर विकून सुतारकाका लेकीकडे राहायला निघाले होते. सगळं सामान टेम्पोत चढलं आणि स्वयंपाकघरातल्या बाकड्यापाशी घोडं अडलं. काकूंची कंबर धरायची, म्हणून काकांनी ते खिडकीखाली करून दिलं होतं. शेवटच्या आजारपणातही त्या तिथेच बसून भाजी निवडायच्या.

"काका, भिंतीला जोडलेलं सगळं घराचं, असं तुम्हीच लिहून दिलंय," घर घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

"लिहिताना पंखे, कपाटं आठवली हो. हे तिचं, म्हणून त्यात धरलंच नाही."

बाईंनी बाकड्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, न्या."

काकांनी पटाशी लावली आणि त्यांचा हात थांबला. बाकडं डुगडुगू नये म्हणून त्यांनी लाकूड थेट भिंतीत चिणलं होतं. "इतकं पक्कं केलंत, मला उठू द्यायचा विचार दिसत नाही," असं काकू चिडवायच्या. आता ते निघालं असतं तर तुकडे होऊनच.

"बाबा, निदान फळी तरी घेऊ," लेक म्हणाली.

"नुसती फळी नेऊन काय करू गं?"

त्यांनी पटाशी पिशवीत ठेवली आणि बाईंना विचारलं, "निघायच्या आधी जरा बसू का इथे?"