आडवी बाई

वस्तीच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या शिवणकामवालीला सगळे आडवी बाई म्हणत. तिला नावाने हाक मारणारा एकटा तिचा नवरा, आणि त्यालाही स्वतःचीच हाक नीट ऐकू येत नसे. सव्वीस वर्षं खाणीत सुरुंग लावून त्याचा एक कान पुरता गेला होता आणि दुसरा अर्धा.

ती इस्पितळासाठी रुग्णांचे गाऊन शिवायची. पाठीवर नाड्या बांधायचे, फिकट हिरवे, आठवड्याला साठ. मशीन रस्त्याकडच्या खिडकीशी मांडलेलं, कारण उजेड तिथेच. त्या खिडकीपायीच तिला हे नाव पडलं.

घरापुढचा रस्ता पूर्वी थेट पलीकडच्या वसाहतीत जायचा. मग दगडाची खाण वाढत वाढत आली आणि रस्त्याचा मधला तुकडा गिळून बसली. पुढे खाणही बंद पडली, मालकाने हात वर केले, लोखंडी कुंपण भंगारवाल्यांनी नेलं. खड्ड्यात पाणी साचलं, पाण्यावर हिरवं शेवाळ पसरलं, आणि लांबून पाहणाऱ्याला ते गवताचं मैदान वाटावं असं झालं. घरापासून तिथवर एकच वळण होतं. वळण घेतलं की पंधरा पावलांवर रस्ता संपायचा.

फोनमधल्या नकाशात मात्र तो सलामत होता. हमरस्त्याने जाणाऱ्यांना नकाशा सांगायचा, इकडून वळा, बारा मिनिटं वाचतील. दिवसाला सहा-सात गाड्या यायच्या. गाडीचा आवाज आला की ही मशीनच्या पायट्यावरून पाय काढायची, बाहेर धावायची आणि रस्त्यात आडवी उभी राहायची.

"पुढे खाण आहे. रस्ता नाही."

"मॅपवर दिसतोय की, मावशी."

"मॅपवर आहे. जमिनीवर नाही."

कुणी आभार मानून गाडी वळवायचे. कुणी, ही बाई आपल्यालाच रस्ता शिकवते, म्हणून तोंड वाकडं करायचे. एकाने तर वळताना तिच्या पायाच्या बोटांवरून चाक नेलं आणि काच खाली करून तिलाच विचारलं, "दिसत नाही का?"

नवरा हसायचा. "सरकारने नेमलंय का गं तुला? गणवेश तरी शिवून घे."

तिने पत्र्यावर रंगाने पाटी लिहून लावली. पत्रा चोरीला गेला. तीनदा लावली, तीनदा गेली. मग ती रस्ते खात्याच्या कार्यालयात गेली. कारकुनाने वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हा रस्ता आमच्या नोंदीत रद्द झालाय. नसलेल्या रस्त्यावर फलक कसा लावणार?"

"मग नकाशातून तरी काढा."

"नकाशा आमचा नाही."

भाचीने फोनवरून नकाशाच्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं की, आमच्या माहितीप्रमाणे या रस्त्यावर वाहतूक सुरू आहे. भाची म्हणाली, "मावशी, तू ज्या गाड्या परत पाठवतेस ना, त्याच त्यांनी मोजल्या असतील."  दोरा तुटला होता, तो आडव्या बाईने पुन्हा सुईत ओवला.

एका सकाळी करड्या रंगाची गाडी आली. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. ही नेहमीसारखी आडवी झाली. खांद्यावर गाऊनचं गाठोडं होतं, ती ते पोचवायलाच निघाली होती.

"बाजूला व्हा," तो म्हणाला.

"पुढे खाण आहे, दादा."

"मला माहितीयेत तुमचे धंदे. रस्ता अडवायचा आणि पैसे उकळायचे."

"एक पैसा नको मला. खाली उतरून चार पावलं चाला, आपल्या डोळ्यांनी बघा."

तो उतरला खरा, पण चालायला नाही. त्याने फोन तिच्या तोंडासमोर धरून तिचं चित्रण केलं आणि दुसऱ्या हाताने तिला ढकललं. गाठोडं चिखलात सुटलं. साठ गाऊन. तेवढ्यात मागून एक ट्रक आला. ट्रकवाला इथला होता, त्याने ओरडून सांगितलं, "अहो, रस्ता बंद आहे!" तेव्हा कुठे त्याने गाडी वळवली. पण चेहऱ्यावरून दिसत होतं की पटलेलं काही नाही. दोघं मिळून आपल्याला फसवतायत, असाच त्याचा समज.

तिने साठही गाऊन धुतले. डाग राहिले म्हणून इस्पितळाने अर्धे परत पाठवले.

चार दिवसांनी भाचीने फोन दाखवला. नकाशावर, त्यांच्या घराच्या ठिपक्याशी, तिचा फोटो होता. तोंड उघडं, हात पसरलेले. खाली लिहिलं होतं, 'इथे एक वेडी बाई खोटं सांगून रस्ता अडवते. दुर्लक्ष करा, काचा बंद ठेवा.' अकरा जणांना ती सूचना उपयुक्त वाटली होती.

त्यानंतर गाड्या तिच्यापाशी थांबेनाशा झाल्या. लांबून तिला पाहिलं की वेग कमी करण्याऐवजी बाजूने काढून घ्यायच्या. मग ती मागे धावायची, आणि बहुतेक जण वळणावर बिचकून थांबायचे. खड्डा दिसला की पांढरे पडायचे आणि मागे येताना तिच्याकडे न बघता निघून जायचे. ती नवऱ्याला म्हणाली, "एखादा जाईल हो तसाच."

"जाऊ दे की," तो म्हणाला. "तू काय सगळ्यांची आई लागतेस?"

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, करडी गाडी पुन्हा आली.

तिने खिडकीतून ओळखली. बाही मशीनवर होती, निम्मी शिवलेली. तो तिच्या घराशी येताच वेग वाढवेल हे तिला दिसत होतं. ती आडवी येईल याच भीतीने तो जोर करणार. उठावं, असं तिच्या मनात आलं. उठायला वेळही होता. पण पाय पायट्यावरच राहिला. बघू दे की एकदा आपल्या डोळ्यांनी, ती मनाशी म्हणाली. करकचून ब्रेक लावील, घाम फुटेल, शहाणा होईल. तो मरावा असं तिच्या मनात नव्हतं. हे तिने नंतर स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की खरं होतं तरी ते खोट्यासारखं वाटू लागलं.

गाडी सुसाट गेली. मागच्या काचेला डोकं टेकवून कुणी म्हातारी झोपलेली तिला दिसली. आणि तरीही तिने बाहीची शिवण शेवटपर्यंत नेली. मग थांबली. गाडी मागे घेतल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही.

ती धावली.

गाडी खाणीच्या पहिल्या टप्प्यावर आपटून पुढे कलली होती. नाक पाण्यात, मागची चाकं दगडावर अडकलेली. ती ओरबाडत खाली उतरली, धोंडा उचलून मागची काच फोडली. म्हातारीला काखेत धरून ओढलं, तेव्हा ती किंचाळत होती, "आधी त्याला काढ! त्याला काढ आधी!"

पुढच्या आसनावर तो पट्ट्यात अडकला होता. पाणी छातीशी आलेलं. आरशातून त्याने तिच्याकडे पाहिलं. त्यानेही तिला ओळखलं. तोंड उघडलं, पण काय म्हणाला ते तिला समजलं नाही. म्हातारी बाहेर येताच गाडीची मागची बाजू हलकी झाली, दगड सुटला आणि गाडी सरळ पाण्यात गेली. शेवाळ फाटलं आणि हळूहळू पुन्हा जुळलं.

जबाब घ्यायला पोलीस आले, तेव्हा ती ओट्यावर ओल्या कपड्यांनी बसली होती. पोलिसाने विचारलं, "तुम्ही त्यांना थांबवायचा प्रयत्न केला होता का?"

तिने तोंड उघडण्याआधीच नवरा पुढे झाला. "केला म्हणजे काय! गळा फाटेस्तोवर ओरडली. माझ्या कानांनी ऐकलं."

पोलिसाने ते लिहून घेतलं. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "वाचवलं तुला. खिडकीत बसलेली होतीस, मी बघत होतो." त्या दिवसापासून घरात तिचा शब्द चालेनासा झाला. चहा थंड आहे, भाजी खारट आहे, पाय चेपून दे. तिने चेहरा वाकडा केला, की तो चष्मा पुसत सहज म्हणायचा, "अजून चौकशी संपलेली नाही म्हणे."

चार दिवसांत खाणीपुढे भिंत उभी राहिली. पाचव्या दिवशी नकाशातून रस्ता गेला. कार्यालयाने तिला प्रशस्तिपत्र दिलं, आणि ते देणारा साहेब म्हणाला की अशा जागरूक नागरिकांची समाजाला गरज आहे. तोच कारकून टाळ्या वाजवत होता.

महिन्याभराने म्हातारी आली. मानेला पट्टा, हातात काठी. खुर्चीत बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"पोरी, तू होतीस म्हणून मी आहे. मला झोप लागली होती, मला काहीच ठाऊक नाही. एकच सांग. तू ओरडलीस तेव्हा त्याने पाहिलं का तुझ्याकडे?"

नवरा दारात उभा होता.

"पाहिलं," ती म्हणाली.

म्हातारीने डोळे मिटले. "मग त्याचीच चूक. लहानपणापासून कुणाचं ऐकायचा नाही. मी त्याला म्हणालेही होते, मोठ्या रस्त्याने चल. मला वाटत होतं, ओरडणारी बाई त्याला दिसलीच नसेल. पाहून गेला असेल तर. मला त्याच्यासाठी रडायचं तरी कसं?"

आडव्या बाईला तेव्हा सगळं सांगून टाकावंसं वाटलं. शब्द ओठाशी आले. पण म्हातारी मुलाच्या चुकीला धरून उभी होती. ती चूक काढून घेतली, तर तिच्या हातात फक्त एक शिवणकामवाली उरली असती, जिने पाहिलं आणि जी शिवत बसली. की हे सगळं तिच्या भल्यासाठी नव्हतंच, निव्वळ भीती होती? तिला स्वतःलाच उमगेना.

म्हातारी मग दर गुरुवारी येऊ लागली. घरी तिचं कुणी नव्हतं. कपडे सैल करायला आणायची, घट्ट करायला आणायची, मापं घ्यायला लावायची. "तुझ्याजवळ बसलं की बरं वाटतं," म्हणायची. मुलाच्या खोड्या सांगायची, त्याच्या हट्टाला नावं ठेवायची, आणि ठेवता ठेवता रडायची. आडवी बाई हं हं करत मशीन चालवायची. रस्त्यावर आता एकही गाडी येत नव्हती.

एका गुरुवारी म्हातारी म्हणाली, "मी विचार केलाय. तुमच्या मागच्या खोलीत येऊन राहते. तुझ्या नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, खुशाल या."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून सुपारी कातरत होता.

"कधी आणू सामान?" म्हातारीने विचारलं.

"उद्या आणा," ती म्हणाली, आणि खोली झाडायला उठली.