नाव घातलेला तांब्या

मी लग्नांचं शूटिंग करतो. माझ्या चुका एकत्र केल्या तर जाड अल्बम होईल. एका लग्नात सप्तपदीला बॅटरी संपली, दुसऱ्यात नवरी समजून तासभर करवलीचेच क्लोजअप घेतले. हे किस्से मीच रंगवून सांगतो, लोक हसतात. पण आता जी चूक सांगतोय तिला अजून कोणी हसलेलं नाही. मीही नाही.

पुण्याहून एक बाई एका महाराजांवर माहितीपट करायला आल्या. महाराज म्हणजे माजी महाराज, पंथानेच त्यांना गादीवरून उतरवलेलं. पण आमदार पडला तरी गावात साहेबच राहतो, तसं आमच्या तापीकाठी निम्म्या देव्हाऱ्यांत त्यांचा फोटो अजून आहे. बाईंना इथला माणूस हवा होता. मी छाती काढून पुढे झालो आणि माझ्या नावापुढे ‘कला दिग्दर्शन’ लिहायचं कबूल करून घेतलं.

माझ्या गल्लीत एक मावशी राहतात. नात्याच्या नाहीत, पण सगळ्यांच्याच मावशी. त्या महाराजांच्या आश्रमात अकरा वर्षं स्वयंपाकाला होत्या. स्वयंपाकघरामागे एक खोली होती. घरी जायचं म्हणणाऱ्या बायकांना तिथे कोंडत, आणि तिची किल्ली मावशींच्या कमरेला असे. मी विचारलं तेव्हा त्या बराच वेळ तुरीची डाळ निवडत राहिल्या.

“सांगसू,” शेवटी म्हणाल्या. “पन मन्हं तोंड दिसाले नको. पोर खापरले दियेल शे.”

एवढं पुरे होतं. खापर गावी, त्यांच्या मुलीच्या सासरी, दिवस महाराजांच्या आरतीने सुरू होतो. आई काय बोलली हे तिथे कळलं, तर त्या घरात लेकीचं काय होईल हे मावशींनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

“मावशी, तुन्ही सावली बी कोनले वळखू येवाव नही,” मी म्हणालो. माझी जीभ अशी उदार आहे.

शूटिंगच्या दुपारी मावशींच्या घराच्या खिडक्या लावल्या, दिवा मावशींच्या पाठीमागे ठेवला. चेहरा काळा ठिक्कर. आवाज बाई नंतर बदलणार होत्या. सगळं चोख होतं. फक्त मी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मला फ्रेमची डावी बाजू रिकामी वाटली.

आमच्याकडे लग्नात आंदणाच्या भांड्यांवर बारीक ठिपक्यांनी नावं घालतात, नवरीचं नि देणाऱ्याचं, आणि शूटिंग करताना प्रत्येक भांडं नाव कॅमेऱ्याकडे करून ठेवावं लागतं. एका मामाचं नाव सुटलं तर तो मामा मला चार वर्षं ओळख देत नाही. पंचवीस वर्षांची ही सवय. मी फडताळातून मावशींचा पितळी तांब्या काढला, मागे, दिव्याचा उजेड पडेल अशा स्टुलावर ठेवला, आणि दोन बोटांनी फिरवून त्यावरचं नाव समोर आणलं. बाईंना ते बारीक ठिपके नक्षी वाटले असावेत. “छान वाटतंय,” म्हणाल्या. मी फुगलो.

तीन महिन्यांनी त्यांनी ट्रेलर पाठवला. ‘फक्त तुमच्यासाठी, कुठे टाकू नका.’ शेवटी माझं नाव झळकत होतं. मी तो स्टेटसला टाकला.

तासाभराने कोण कोण जळलं ते बघायला यादी उघडली. त्यात खापरचे व्याही होते, मावशींच्या लेकीचे सासरे. तिच्या लग्नाचं शूटिंग मीच केलेलं, म्हणून त्यांच्याकडे माझा नंबर. माझं स्टेटस त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

मग मी ट्रेलर पुन्हा पाहिला, पहिल्यांदाच स्वतःचं नाव न शोधता. काळोखं डोकं, बदललेला आवाज, किल्लीची गोष्ट. आणि शेजारी, दिव्याच्या उजेडात, तांब्या. मावशींचं नाव, खाली त्यांच्या माहेरचं गाव.

स्टेटस काढून टाकलं. बाईंना फोन केला, त्यांनी दृश्य वगळायचं कबूल केलं. मावशींना मात्र मी काही सांगितलं नाही. दोन दिवस त्यांच्या दारावरून न जाता मागच्या बोळाने माझ्या फोटोच्या दुकानात गेलो.

तिसऱ्या दिवशी मावशीच दुकानात आल्या.

“पोरना फोन व्हता. सासरा म्हनस, घरमा पूजा शे, या. आनि येतांना तांब्या लई या.” त्या माझ्याकडे बघत होत्या. “त्यास्ले मन्हा तांब्या कथाईन माहीत, भाऊ?”

मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या नवरा-नवरींच्या फोटोंकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सकायले गाडी काढ.”

तांब्या त्यांनी चिंचेने घासून लखलखीत केला होता. खापरपर्यंत तो त्यांच्या मांडीवर होता.

दारात पुरुषांच्या चपला बऱ्याच होत्या, पण प्रसादाच्या शिऱ्याचा वास नव्हता. ओसरीत आठ-दहा जण भिंतीला टेकून बसलेले. महाराजांच्या फोटोला ताजा हार.

“या ताई, बसा,” व्याही म्हणाले.

मावशी बसल्या नाहीत. त्यांनी तांब्या व्याह्यांपुढे ठेवला आणि दोन बोटांनी फिरवून नाव त्यांच्याकडे केलं. अगदी माझ्यासारखंच.

“वाचा.”

“वाचेल शे. किल्ली तुमनाकडे व्हती?”

“व्हती. ते पाप मन्हं. हुकूम त्यास्ना.” त्यांनी हनुवटीने फोटो दाखवला.

कोणी हललं नाही. मला राहवेना, मी हसून विचारलं, “पूजा किती वाजता?”

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आमना पोऱ्याना लगीननी शूटिंग तुम्हीच कयी ना? चांगली व्हती. सगळास्ना चेहरा साफ दिसतस.”

तेवढ्यात आतून मुलगी आली. सगळं ऐकलेलं असावं, कारण हातात पिशवी होती. तिने तांब्या उचलला. “चाल, आई.”

तिला कोणी अडवलं नाही. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा मागून व्याह्यांचा आवाज आला, चढा नाही, आग्रहाने पान देताना असतो तसा.

“ताई, तांब्यावर गाव बी लिखेल शे.”

मावशींचं घर त्यांना माहीत होतंच, आता लपायला उरलेलं माहेरही. आरशात दोन मोटारसायकली दिसत होत्या, ना जवळ ना लांब. सवयीने माझा हात मोबाइलकडे गेला. मावशींनी तो धरून परत स्टिअरिंगवर ठेवला. मागच्या सीटवर मुलीने तांब्यावरचं नाव पदराने झाकलं होतं. खापर मागे पडलं. मोटारसायकली पडल्या नाहीत.