देवळामागच्या चुलाणापाशी यशवंत नव्हता

यशवंत अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी सकाळी रत्नागिरीतल्या रुग्णालयात वारला. अन्ननलिकेतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली, रक्ताची उलटी झाली आणि रक्तस्राव थांबवता आला नाही. तो एकोणपन्नास वर्षांचा होता. बातमी मला त्याचा धाकटा भाऊ शांताराम याने फोनवर दिली. "दादा गेला," तो म्हणाला.

यशवंत आणि मी देवरूखच्या वाटेवरच्या एका गावात एकाच वर्गात शिकलो. मी वर्तमानपत्रात गेलो, तो मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर झाला. गाव त्याला ओळखायचं ते मात्र नवरात्रातल्या अष्टमीच्या महाप्रसादामुळे. देवळामागे जमिनीत खणलेलं लांब चुलाण आहे. त्यावर काळ्या वाटाण्याचं सांबार आधी त्याचे वडील करायचे, नंतर तो. त्यासाठी कारखान्यातल्या जुन्या पाइपचा दांडा जोडून त्याने एक पळी बनवली होती, उभी धरली तर त्याच्या छातीला लागायची. दुसऱ्या कोणी ती टोपात फिरवली की ओरडायचा, "मेल्या, होडी वल्हवतोस काय? खाली लागतंय बघ!"

गेल्या वर्षी प्रजासत्ताक दिनी कारखान्यात रक्तदान शिबिर झालं. काही दिवसांनी रक्तपेढीने त्याला बोलावून घेतलं. हिपॅटायटिस सी. कुठून आला हे निश्चित झालं नाही. तरुणपणी मुंबईत अपघातानंतर त्याला रक्त चढवलं होतं, त्यावर डॉक्टरांचा संशय होता. त्याला काहीच त्रास जाणवत नव्हता, पण यकृताला तोवर बरीच इजा झाली होती. तपासणीला मी सोबत होतो. "दारू?" डॉक्टरांनी विचारलं. "शिमग्याला," यशवंत म्हणाला. "तुमच्याकडे शिमगा वर्षातून किती वेळा येतो?" तो हसला, पण त्या दिवसानंतर त्याने घेतली नाही. डॉक्टरांनी समजावलं की हा आजार रक्तातून रक्तात जातो. दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर वेगळं ठेवायचं. अन्नातून, ताटातून, पंगतीत शेजारी बसून तो होत नाही. यशवंतचा प्रश्न एकच होता. "म्हणजे मी रांधू शकतो?" डॉक्टर म्हणाले, "खुशाल रांधा."

तीन महिने त्याने गोळ्या घेतल्या. श्रावणातल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. "विषाणू गेला, यकृत मात्र तेच आहे," डॉक्टर म्हणाले. "दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सांगेन तेव्हा एन्डोस्कोपी. आणि कोणी दिलेली मुळी, काढा काही नको. गोळ्या संपल्या म्हणून मला विसरू नका."

आजाराबद्दल त्याने तिघांनाच सांगितलं होतं: बायको सुलभा, शांताराम आणि मी.

नवरात्राआधी देवळात महाप्रसादाच्या समितीची बैठक होती. अध्यक्ष म्हणाले, "यशवंता, यंदा तू आराम कर. पोरं करतील."

"मला काय झालंय?"

"तसं नाय रे... पण लोकांच्या मनात येतं. कावीळ असलेल्या माणसाच्या हातचं..."

"मला कावीळ आहे हे कोण म्हणालं?"

सगळ्यांनी शांतारामकडे पाहिलं. तो खाली बसून पत्रावळींचे गठ्ठे बांधत होता. "दादा, मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं," तो म्हणाला.

"माझं भलं मला सांगायचंस. ह्यांना नाय."

श्रावणातला रिपोर्ट यशवंतच्या खिशात होता. त्याने तो काढला नाही. मी आजार कसा पसरतो ते सांगायला लागलो, तर त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे." त्या अष्टमीला सांबार खाली लागलं. यशवंत पंगतीला आला नाही.

त्यानंतर मी विचारायचो, "सोनोग्राफी?" तो सांगायचा, "झाली. चांगली आहे." मी रिपोर्ट मागितला की म्हणायचा, "बातमी छापायची आहे काय?" तो गेल्यावर रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की श्रावणातल्या त्या भेटीनंतर तो त्यांच्याकडे आलाच नव्हता. वेळेवर एन्डोस्कोपी झाली असती, तर खराब यकृतामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या त्या रक्तवाहिन्या फुटण्याआधी बांधता आल्या असत्या. सुलभावहिनींनाही हे तेव्हाच कळलं. "दोनदा तारीख होती," त्या म्हणाल्या. "दोनदा बांगडे घेऊन आले. मी ते तळले, त्यांना वाढले... रिपोर्ट चांगला आला म्हणून." पहिल्या वेळी तो सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत गेला होता. बाकावर गावातले दोघे बसलेले पाहून मागे फिरला. हे त्या दोघांपैकी एकाने तेराव्याला, जेवताना सांगितलं.

यंदा अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी मी यशवंतच्या घरी ओटीवर बसलो होतो. समितीचे दोघे आले, सोबत शांताराम. "वहिनी, टोप मोठा आहे. दादाची पळी मिळाली तर..." तो म्हणाला. वहिनींनी आतून पळी आणली आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या.

"उकळून देऊ काय?" त्यांनी विचारलं.

कोणी हात पुढे केला नाही. तिघे पायऱ्या उतरले. महाप्रसादाचं सांबार देवरूखहून आणलेल्या आचाऱ्याने स्वतःच्या पळीने ढवळलं. यशवंतची पळी स्वयंपाकघरात खुंटीला आहे.