मोहनकाका गाडीत नव्हते

तुम्ही कधी मान न वळवता, केवळ शेजारच्या माणसाच्या शब्दावर, ताशी एकशेवीसच्या वेगात लेन बदलली आहे?

माझे बाबा रोज बदलायचे. कित्येक वर्षं.

आधी एक स्पष्ट करते. भूत, संकेत, सहावं इंद्रिय... यातलं काहीच मी मानत नाही. आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा पिंपरीला कारखान्यात असताना युनियनची पत्रकं लिहायचे, आजोबा अंधश्रद्धेविरुद्धची वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. गूढ अनुभवांच्या अशा सदरात मी कधी लिहीन असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याचीच उलटतपासणी घेतली असती.

आम्ही दुबईत अल कुसैसला राहायचो. बाबांची कंपनी अबू धाबीजवळ मुसफ्फाला. जायला दीड तास, यायला त्याहून जास्त. बाबांच्या मानेचे मणके झिजलेले, त्यामुळे मान कुठल्याच बाजूला पुरती वळायची नाही. शेजारच्या सीटवर रोज मोहनकाका. त्याच कंपनीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, बाबांचे जिवलग. आणि दोघांनाही एकच वेड — अमेरिकेतल्या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यती.

या गाड्या लंबगोल ट्रॅकवर फक्त डावीकडे वळत धावतात. म्हणून आमच्याकडे शुक्रवारी जमणाऱ्या पाच-सहा मराठी वेड्यांनी स्वतःचं नाव ठेवलं होतं 'डावं वळण मंडळ'. "विलासराव तर जन्माचे डावे, त्यांनाच अध्यक्ष करा," असं कुणीतरी म्हटलं आणि बाबा अध्यक्ष झाले.

ड्रायव्हर पट्ट्यांनी इतका जखडलेला असतो की त्याला बाजूचं दिसत नाही. म्हणून प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावर त्याचा एक माणूस उभा असतो, स्पॉटर. तो रेडिओवर सांगतो — आत गाडी आहे, अजून आहे, क्लिअर. ड्रायव्हर त्या शब्दावर स्टिअरिंग फिरवतो. बाबा आणि काकांनी हेच हायवेवर सुरू केलं होतं. डावीकडचं ते आत, उजवीकडचं ते बाहेर. काका घसा खाकरून म्हणायचे, "बाहेर आहे... अजून आहे... क्लिअर." आधी गंमत होती. पुढे मान आणखी बिघडली आणि बाबांची गाडी खरोखरच काकांच्या डोळ्यांवर चालायला लागली.

मे महिन्यातल्या मोठ्या शर्यतीआधीच्या शुक्रवारी मंडळ गेलेल्या ड्रायव्हरांची आठवण काढायचं. नियम एकच — अपघात बघायचा नाही, माणूस बघायचा. जुन्या शर्यतीची सीडी लावायची, अपघाताच्या आधीच्या फेरीपर्यंत बघायची, टीव्ही बंद करायचा. मग प्रत्येकाने त्या माणसाच्या जगण्याबद्दल एक गोष्ट सांगायची. कुणी त्याच्या पहिल्या विजयाची, कुणी शेवटच्या नंबरवर असतानाही गाडी न सोडल्याची. मोहनकाका दर वर्षी एकच सांगायचे. एका तरुण ड्रायव्हरची गाडी भिंतीवर आदळली. वर छतावर त्याचा स्पॉटर हेडफोन न काढता उभा राहिला आणि कितीतरी वेळ रेडिओवर त्याचं नाव घेत राहिला. सांगताना काकांचा आवाज फुटायचा. मी लहान होते तेव्हा मीही रडायचे.

मग २००८ आलं. वर्षअखेर दुबईतल्या क्रेन थांबल्या. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या टाकून जाताहेत, अशा गोष्टी लिफ्टमध्ये ऐकू यायच्या. नोव्हेंबरमध्ये बाबांना मस्कतहून ऑफर आली. पगार थोडा कमी, पण काम पक्कं. काका प्लॅनिंगमध्ये मॅनेजर, वरच्या मीटिंगांना बसणारे. बाबांनी गाडीतच विचारलं, "मोहन, आपल्याकडे काही शिजतंय का? घेऊ का मस्कत?"

"क्लिअर आहे विलास," काका म्हणाले. "हलू नकोस."

बाबांनी मस्कतला नाही कळवलं. डिसेंबर संपता संपता, प्रोजेक्ट हँडओव्हर झाल्याच्या आठवड्यातच, त्यांना काढलं. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा.

हिशेबासाठी बाबांना अजून जावं लागायचं, पण दुसऱ्या दिवसापासून काका कंपनीच्या गाडीने जायला लागले.

जानेवारीत एका सकाळी बाबा कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट आणायला मुसफ्फाला निघाले. मी वीस वर्षांची, कॉलेजला सुट्टी. आई म्हणाली, "तू जा बरोबर. मानेचं माहितीये ना."

"पुढे बस," बाबा म्हणाले. "आज तू स्पॉटर."

"आय डोन्ट नो हाउ, बाबा."

"डोळे आहेत ना? खलास."

मागच्या सीटवर परत करायचं हेल्मेट आणि सेफ्टी शूज होते, बाकी काही नाही. मी धुमसत होते. "तुमचा स्पॉटर बघा, कंपनीच्या गाडीत आरामात पाय पसरून चाललाय."

"घाबरलाय तो," बाबा म्हणाले. "काढलेल्या माणसाशेजारी बसलं की आपणही निघू असं वाटतं लोकांना. त्याला तरी काय माहीत होतं?"

जेबेल अली मागे पडलं आणि धुकं आलं. इथलं हिवाळ्यातलं सकाळचं धुकं ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. बोनेटच्या पुढे पांढरी भिंत. बाबांनी रेडिओ बंद केला, वेग कमी केला, मधली लेन धरली. अचानक पुढे एक पिकअप, हॅझर्ड लाइट लावून जवळजवळ थांबलेली.

"बाहेर?" बाबांनी विचारलं.

मी उजवीकडे पाहिलं. पांढरं. मागे पाहिलं. पांढरं.

"क्लिअर," मी म्हटलं.

बाबांनी स्टिअरिंग फिरवायला सुरुवात केली आणि मागून कुणीतरी घसा खाकरला.

"बाहेर आहे. अजून आहे... थांब."

मोहनकाकांचा आवाज. माझ्या सीटच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून. बाबांनी स्टिअरिंग सरळ करून ब्रेक दाबला. त्याच क्षणी उजवीकडून, दिवे न लावलेली कामगारांची एक बस आम्हाला खेटून गेली. खिडकीच्या काचेला कपाळ टेकून झोपलेला माणूस मला दिसला, इतक्या जवळून.

"क्लिअर," मागचा आवाज म्हणाला.

बाबांनी पिकअपला वळसा घातला. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "बोलू नकोस. काय ऐकलंस ते लिही. मीही लिहितो."

ही आमच्या घरची पद्धत. कुणी काही विचित्र पाहिलं म्हटलं की साक्षीदारांना आधी वेगळं करायचं. टिश्यूच्या खोक्याचं झाकण फाडून आम्ही पाठमोरे उभे राहून लिहिलं आणि मग अदलाबदल केली. शब्द तेच, क्रम तोच. आणि दोघांनीही लिहिलं होतं — घसा खाकरला.

माझा फोन पर्समध्ये बंद होता. बाबांचा घरी राहिला होता. मागे फक्त हेल्मेट आणि शूज.

बाबांनी दोन्ही तुकडे घडी करून खिशात ठेवले. मग हसले. डोळे भरलेले होते. "मला याचा अर्थ कळत नाही मुक्ता. पण मोहनला सांगायला हवं. आधी त्यालाच."

ऑफिसात पोहोचलो तर एचआरचा माणूस नव्हता, पासपोर्ट द्यायला मोहनकाकाच बसले होते. बाबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं... पिकअप, बस, आवाज. शाळेतून आलेल्या पोरासारखं सांगत होते. शेवटी म्हणाले, "तू नसतानाही तू वाचवलंस रे."

काकांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, भरून आलं असेल.

"मी सकाळपासून इथेच आहे विलास," ते म्हणाले. "चार माणसांबरोबर मीटिंगमध्ये होतो." मग पासपोर्ट टेबलावर सरकवत, खाली बघत, "मला नको सांगूस हे. मी तेव्हा क्लिअर म्हणायला नको होतं."

"तेव्हा म्हणजे?"

काकांनी सहीचं रजिस्टर पुढे ओढलं.

"मस्कतच्या वेळी? मोहन, तुला माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून. तू मधेच गेला असतास तर हँडओव्हर अडकला असता. वरून सांगितलं होतं, विलासला थांबवून ठेव. मी काय करणार होतो? मलाही घर आहे."

बाबांनी सही केली. पासपोर्ट खिशात टाकला. हेल्मेट आणि शूज टेबलावर ठेवले. दारात थांबून म्हणाले, "माझ्या पोरीला दिसलं नाही म्हणून ती क्लिअर म्हणाली. तुला दिसत होतं."

परतीच्या रस्त्यावर धुकं नव्हतं. कुणाचा आवाजही आला नाही.

बाबा आणि आई पिंपरीला परतले. त्रेपन्नाव्या वर्षी पक्की नोकरी कोण देणार? बाबा कॉन्ट्रॅक्टवर सुपरवायझरी करतात, एका ठिकाणचं संपलं की दुसरीकडे. मी शिक्षण पूर्ण केलं, आता दुबईतच अल मनखूलला दोन मैत्रिणींबरोबर राहते. मंडळ अजून जमतं. अध्यक्ष आता मोहनकाका आहेत.

गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम गेले. सीडी लावली, आधीच्या फेरीला टीव्ही बंद केला. काकांनी त्या स्पॉटरची गोष्ट सांगितली आणि त्यांचा आवाज फुटला. लोक डोळे पुसत होते.

मी विचारलं, "काका, त्या स्पॉटरने जाणूनबुजून खोटं सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच्यासाठी रडला असता?"

"मुक्ता," ते हळू म्हणाले, "आजचा दिवस गेलेल्यांचा आहे. घरचं नको इथे."

"बाबांना घरी तुम्हीच घालवलंत."

कुणीतरी घाईने चहाचा ट्रे फिरवला. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी चहा घेतला.

मला अनेकांनी खुलासे दिलेत. सवयीने मेंदूच बोलतो म्हणे. दोन मेंदू एकच वाक्य बोलतात? भीतीत भास होतो म्हणे. पण भास व्हायच्या आधी मला भीती वाटलीच नव्हती. मी निवांत क्लिअर म्हणून मोकळी झाले होते. जिवंत माणूस, शंभर मैलांच्या आत, मीटिंगमध्ये बसलेला... त्याचा आवाज आमच्या गाडीत कसा? मला माहीत नाही. बाबांनाही नाही. मला सलतं ते वेगळंच. तो आवाज खरं बोलला. ज्याचा तो आवाज होता तो खोटं बोलला. आम्ही जिवंत आहोत म्हणून मी त्या माणसाचे आभार मानावेत, असं काही जण सुचवतात. मी मानणार नाही. बाबा एवढंच म्हणतात, "आवाजाचं कोडं सुटलं तर सोडव. माणसाचं त्यात काही कोडं नाही."

हे वाचणाऱ्यांत मॅनेजर असतील, एचआरमधले असतील, बंद दारामागच्या मीटिंगांना बसणारे असतील. तुमच्या शेजारच्या टेबलावरचा एखादा माणूस जाणार, हे तुम्हाला आज माहीत असेल. गेल्यावर त्याच्या आठवणी काढू नका. आज ऑफिस सुटायच्या आत त्याला जिन्यात गाठा आणि सांगा. भीती वाटेल, वाटू द्या. दुसरीकडून बोलावणं आलं असेल तर जा, एवढं एक वाक्य त्याच्या कानावर घाला.